मायचं सकाळचं वजन

वजनकाट्यावर माझा लहानपणापासून विश्वास होता आणि त्याला कारण माझे वडील. त्यांना मी अण्णा म्हणते. सहकारी साखर कारखान्याच्या काट्यावर त्यांची सबंध नोकरी गेली. उसाची गाडी काट्यावर चढली की अण्णा खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचे, "उतरा खाली! समदे उतरा!" इंजिन बंद, ड्रायव्हर खाली, उसाच्या मोळ्यांवर बसून आलेल्या बाया खाली, आणि मगच वजन. पाळी सुरू होण्याआधी ते स्वतः झाडू घेऊन काट्याच्या पत्र्यावरचा चिखल काढायचे. चिखलालाही वजन असतं आणि ते कुणाच्या तरी माथी बसतं, असं त्यांचं म्हणणं. इतर काट्यांबद्दल लोक काय काय बोलायचे. पण अण्णांच्या पाळीत गाडी आली की शेतकरी बिनघोर चहा प्यायला निघून जायचे. शाळेत माझी सगळी ऐट या एका गोष्टीवर होती. ऐट करावी असं आमच्याकडे दुसरं काही नव्हतंही.

घरी जेवताना ते कधीमधी काट्याच्या गोष्टी सांगायचे. एकदा दुसऱ्या पाळीचा एक माणूस पकडला गेला होता. मी विचारलं, कसा पकडला? अण्णा म्हणाले, "येड्यानं समद्या गाड्या सारख्याच लिवल्या. खरं वजन कदी सारखं येतं का बे? थोडं हिकडं, थोडं तिकडं व्हतंच." बोलण्याच्या भरात ते मलाही 'बे' म्हणायचे आणि माय त्यांच्याकडे डोळे मोठे करून बघायची.

दुष्काळाच्या त्या सालात कारखान्याचा बॉयलर सलग दुसऱ्या हंगामात पेटला नाही. ऊसच नव्हता. काट्याला कुलूप लागलं, कामगारांना घरी बसवलं, आणि अण्णा नेकनूरच्या पुढच्या आमच्या गावात, बौद्धवाड्यात मी बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात येऊन टेकले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझं लग्न ठरून मोडलेलं, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. हाताला काम नसलेला माणूस दिवसभर घरात असला की काय होतं, ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. मी चहात साखर टाकायचे तेव्हा ते चमच्याकडे असे बघायचे की माझा हात आखडायचा.

त्याच उन्हाळ्यात मायला धाप लागायला लागली. आधी आम्हाला वाटलं, ऊन. मग ती अंगणातून स्वयंपाकघरात येतानाही मध्ये भिंतीला टेकू लागली. मी तिला अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, पण बोलायला शांत. त्यांनी सांगितलं, हृदय अशक्त झालंय, अंगातलं पाणी नीट बाहेर पडत नाही. ते आधी पायात साठतं, मग छातीत. "डोळ्यांना ते उशिरा दिसतं, वजनाला आधी कळतं," ते म्हणाले. मग त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. पाणी, चहा, आमटी, ताक, सगळं मिळून दिवसाला एक लिटर, थेंबभर जास्त नाही. आणि रोज सकाळी वजन. आता बावन्न किलो आहे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी इथं आणायचं, उद्यावर टाकायचं नाही. "उशीर झाला तर पाणी छातीत भरेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही."

म्हणजे मायचा जीव वजनाच्या आकड्यावर होता. मला एवढं नीट कळलं होतं.

गावात तेव्हा टँकर यायचा. तो आला की बायका हंडे घेऊन अशा धावायच्या की कुणाची चप्पल राहायची, कुणाचा पदर. आणि अशा वेळी डॉक्टरनं आमच्या घरी पाणी कमी प्या म्हणून सांगितलं. शेजारीण ऐकून म्हणाली, "डागदर बी सरकारचाच दिसतोय." माय लई हसली आणि हसता हसता तिला धाप लागली.

वजनाचं मशीन मी बीडहून आणलं. तबकडीवर काटा फिरतो ते. पहिल्या दिवशी मायला मी त्याच्यावर तीनदा उभं केलं आणि तीन वेगवेगळी वजनं आली. मी चिडले. दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत असताना अण्णा खाटेवरून उठले. काटा बंद पडल्यापासून त्यांच्या अंगात अशी हुशारी मी पाहिली नव्हती.

"मशीनला काय झालंय? तू ठिवलंस कुठं ते बघ की."

त्यांनी वाटीत पाणी घेतलं, काठोकाठ, आणि घरभर फरशीवर ठेवून ठेवून बघितलं. शहाबादी फरशी सगळी मोरीकडे उतरती. एकाच जागी पाणी चारी बाजूंनी सारखं राहिलं, भिंतीवरच्या फोटोंच्या खाली. तिथं त्यांनी खडूनं चौकोन आखला. मशीन त्या चौकोनातच राहील, तिथून हलायचं नाही, त्याच्यावर कुणी काही ठेवायचं नाही. सतरंजीवर तर मुळीच नाही, मऊ जागेवर काटा कमी दाखवतो. मग बाकीचे नियम झाले. सकाळी परसाकडून आल्यावर, चहाच्या आधी. एकच साडी, ती जुनी निळी, वजनापुरती. हातातल्या बांगड्या काढून. पाय दोन्ही सारखे, मधोमध. मान सरळ, खाली वाकून बघायचं नाही, वाकलं की काटा डुलतो. आधी शून्य बघायचं, नसेल तर मागची चकती फिरवून आणायचं. हे सगळं त्यांनी मायला असं समजावलं की ती म्हणाली, "मी काय उसाची गाडी हाय का?"

"गाडीपक्षा अवघड हायेस," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून वजन सुतासारखं सरळ आलं. दोनदा उभं केलं तर दोनदा तेच. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि तो मी त्यांना बोलूनही दाखवला. आमच्या घरात असं कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून लक्षात आहे.

एकच अडचण होती. मशीनवर चढताना मायला भोवळ यायची. म्हणून अण्णा तिच्या बाजूला उभे राहायचे आणि तिच्या कोपराखाली हात द्यायचे.

हे वाचणाऱ्याला साधं वाटेल. पण माझ्या आईवडिलांनी एकमेकांना हात लावलेला मी जन्मात पाहिला नव्हता. आमच्याकडे नवराबायको चारचौघांत दोन हात अंतर ठेवूनच बसतात. एसटीत मी मध्ये बसायचे. मायला ते हाकही मारायचे नाहीत, नुसतं खाकरायचे. आणि आता रोज सकाळी फोटोंच्या खाली ते तिचं कोपर धरून उभे. मला बघवेना. आईबापांचं तसलं काही दिसलं की लेकरानं दुसरीकडे बघायचं, हे कुणी शिकवावं लागत नाही. मी खिडकीकडे तोंड करायचे. अण्णा म्हणायचे, "हां, बघ," की वळायचे आणि आकडा वाचायचे. तेवढ्या वेळात माझ्या मनात यायचं, या वयात का होईना, हिच्या वाट्याला हात आला. खरं सांगते, एकदोनदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पाण्याचा बंदोबस्त माझ्याकडे होता. खुणा असलेली एक प्लास्टिकची बाटली मी सकाळी भरून मायच्या उशाशी ठेवायचे, चहाआमटीचा हिशेब त्यातून वजा करून. संध्याकाळी शाळेतून आले की बाटली आधी बघायचे, मायकडे नंतर. पिण्याच्या पाण्याचा ड्रम अंगणात होता आणि त्याला साखळी-कुलूप होतं. तेव्हा गावात सगळ्यांच्याच ड्रमला कुलपं होती, पाण्याच्या चोऱ्या व्हायच्या. किल्ली अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात. मला तर बरंच वाटलं. किल्ली त्यांच्याकडे म्हणजे काळजी मिटली.

आणि वजन चांगलं येत होतं. बावन्न. कधी एक्कावन्नच्या थोडं पुढे, कधी बावन्नच्या थोडं पुढे. मी दर आठवड्याला डॉक्टरांना फोन करून सांगायचे. ते म्हणायचे, "उत्तम. तुमच्यासारखं सगळ्यांनी केलं तर आमचं अर्धं काम कमी होईल." मास्तरणीला कुणी शाबासकी देत नाही, ती आपणच वाटत असतो. मला ती गोड लागली. माझं स्वतःचं वजन मात्र त्याच मशीनवर वर वर चाललं होतं. माय म्हणायची, "मशीन तुझ्याबाबतीत खरं बोलायलंय बरं का." तेव्हा मला हे वाक्य नुसती चेष्टा वाटलं.

पावसाळा कोरडाच चालला होता. मायचे पाय मला जड वाटू लागले. ती लुगड्याच्या निऱ्यांत पाय ओढून बसायची. मी विचारलं की म्हणायची, "उन्हानं सुजलेत गं." एकदा तिच्या नडगीवर मी बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. रात्री तिला आता दोन उशा लागत होत्या. आणि वजन बावन्न.

मग मी काय केलं? आपल्या माणसांवर संशय घ्यायचं सोडून मशीनवर घेतला. शिकलेल्या माणसाची ही खोड. घरात भरलेला गॅस सिलिंडर आला होता. रिकाम्याचं वजन त्याच्या कड्यावर कोरलेलं असतं, त्यात आतल्या गॅसचं मिळवायचं. मी तो सिलिंडर गडगडत आणून मशीनवर चढवला. काटा अगदी बरोबर आकड्यावर थांबला. तरी माझं समाधान होईना. मी पुन्हा बीडला गेले आणि आकडे उजळणारं काचेचं नवं मशीन आणलं. या दुकानदारानं मला बजावलं, "मॅडम, ह्याला आधीचं वजन ध्यानात राहतं. थोडाच फरक असला तर तोच आकडा पुन्हा दाखवतं. मधे दुसरं काही ठेवून मग मोजा." मी रोज मायच्या आधी पिठाचा डबा ठेवू लागले. काचेच्या मशीनवर आकडा आधी लुकलुकतो, मग एका जागी थांबतो आणि माणूस हलला तरी काही वेळ तसाच राहतो. लुकलुकणं थांबलं की अण्णा हात काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "हां, बघ." बावन्न पूर्णांक एक. दुसऱ्या दिवशी एक्कावन्न पूर्णांक आठ.

थोडं इकडं, थोडं तिकडं. माझ्या डोक्यात तरीही उजेड पडला नाही.

डॉक्टरांना मी फोनवर पायांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, वजन? मी म्हटलं, जागच्या जागी आहे, नवं मशीन आणून बघितलं. ते म्हणाले, मग पाण्याची सूज नसेल, उन्हात बसू देऊ नका, पुढच्या वेळी घेऊन या. वर, अंगातलं पाणी काढायची जी लघवीची गोळी चालू होती ती अर्धी करा म्हणाले, अशक्तपणा नको. मी माझ्या हातानं गोळी मधोमध मोडून मायला देऊ लागले.

मग एक दिवस अण्णांना जावं लागलं. कारखाना चालू करा म्हणून जुने कामगार कारखान्याच्या गेटवर बसणार होते आणि अण्णा नाहीत म्हणजे बसण्याला वजन नाही, असा निरोप आला होता. पहाटेची एसटी होती. निघताना ते दोनदा परत फिरले. एकदा पिशवी विसरली म्हणून. दुसऱ्यांदा दारात उभं राहून म्हणाले, "आज वजन ऱ्हाऊ दे. उद्या मी आलो की करू."

"एक दिवस चुकवायचा नाही, तुम्हीच तर सांगितलं," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. एसटीचा हॉर्न वाजला आणि ते गेले.

मी मशीन चौकोनात ठेवलं. माय खाटेवरच.

"त्ये आल्याबिगर न्हाई," ती म्हणाली.

"का? मी पडू देईन का तुला?"

"न्हाई म्हन्ले न्हवं का. उद्या कर."

मला राग आला. सगळं मी करायचं आणि हट्ट मात्र यांचे. मी तिला दोन्ही दंडांना धरून उठवलं, मशीनपर्यंत आणलं, भिंतीला टेकायला लावून वर चढवलं आणि म्हटलं, आता भिंत सोड. तिनं सोडली. आकडा लुकलुकला आणि थांबला. सत्तावन्न पूर्णांक चार.

मी मशीन उचललं, खालची बाजू बघितली, फरशी पुसली. सिलिंडर ठेवला, बरोबर. मी उभी राहिले, कालचंच वजन. माय भिंतीला धरून श्वास घेत होती आणि माझ्याकडे बघत होती. पुन्हा तिला चढवलं. सत्तावन्न पूर्णांक चार. मी त्या मशीनला इतकं वाईटसाईट बोलले की बाहेर शेजारणीनं ऐकलं असेल.

"मशीनला कावून बोलतीस," माय म्हणाली. "त्यायचा हात न्हाई आज."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं स्वतःचं कोपर दुसऱ्या हातानं खालून थोडंसं उचलून दाखवलं. तेवढंच. मला सांगायला हरकत नाही, तिच्या तोंडावर जरा कौतुक होतं. नवऱ्याचं.

सगळा जन्म ज्यांनी ड्रायव्हरला खाली उतरवलं, मोळीवरच्या बाईला खाली उतरवलं, ते माझे अण्णा रोज सकाळी माझ्या मायला हातानं उचलून धरत होते. आकडा बावन्नपर्यंत उतरेस्तोवर. मी तिकडे बघू नये म्हणून काही करावं लागलं नाही, माझ्या लाजेनं त्यांचं ते काम केलं होतं. आणि आकडा रोज सारखा येऊ नये, याचीही त्यांनी काळजी घेतली होती. दुसऱ्या पाळीच्या त्या पकडल्या गेलेल्या माणसाची चूक त्यांनी केली नाही.

ड्रमचं कुलूप मी दगडानं तोडलं. ड्रमच्या आत, पाण्याच्या वर, काठाला दोरीनं अडकवलेला एक स्टीलचा गडू होता. आमच्याच घरचा. महिनाभर मी तो शोधत होते आणि शेजारणीच्या लेकीवर संशय घेत होते.

जीप मिळायला वेळ लागला. अंबाजोगाईला पोचेपर्यंत मायचे ओठ निळसर झाले होते आणि ती आडवी होऊ शकत नव्हती, माझ्या खांद्यावर रेलून बसली होती. तिला आत घेतल्यावर डॉक्टर बाहेर आले. "तुम्ही रोज वजन करत होता ना?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. मी म्हटलं, करत होते. ते माझ्याकडे बघत राहिले. मी काय सांगणार होते? माझ्या बापानं काटा मारला म्हणून? माझ्या तोंडून ते निघेना. खोटे आकडे माझ्या नावावर राहिले.

चार दिवसांनी माय बोलण्यासारखी झाली. अण्णा दवाखान्याच्या व्हरांड्यात होते, मी त्यांना आत येऊ दिलं नव्हतं. मी तिला विचारलं, का गं केलंत असं? मी तुझ्यासाठी रक्त आटवत होते.

तिनं नजर छताकडे वळवली. मग बोलली. ती लहान होती तेव्हा त्यांच्या गावात विहिरीवर त्यांना चढू देत नसत. घागर घेऊन खाली उभं राहायचं. वरच्या बायकांपैकी कुणाला दया आली की ती वरून घागरीत पाणी टाकणार. कधी पुरी भरायची, कधी अर्ध्यात 'बस' म्हणायची. "त्या बाईच्या तोंडाकडं बगत उबं ऱ्हावं लागायचं," माय म्हणाली. "लई तहान लागली तरी बोलायचं न्हाई, बोललं की जायची. मग तू ती बाटली भरायलीस. सांजच्याला आलीस की आदी बाटली बगायचीस. मला पुन्यांदा तुज्या तोंडाकडं बगावं लागलं."

"माय, मी तुला जगवत होते!"

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्या बी काय समद्या वाईट न्हवत्या."

मला तिथंच रडू कोसळलं. दयेनं नाही, संतापानं. माझ्या जन्मदात्या आईनं मला त्या विहिरीवरच्या बायकांत नेऊन उभं केलं होतं. जी विहीर मी पाहिलीही नाही, जिच्यामुळे मी शिकले, नोकरी धरली, घरात स्वतःचा ड्रम आणला, त्याच विहिरीवर. मी बाहेर आले तर अण्णा बाकावरून उठले. "कशी हाय?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्यासमोरून तशीच पुढे निघून गेले. ते पुन्हा बसले.

मायला घरी आणलं. त्यानंतर वजन मी एकटीनं केलं. माय न सांगता उठायची, निळी साडी नेसायची, बांगड्या काढून ठेवायची आणि भिंत धरून स्वतःच मशीनवर चढायची. मग भिंत सोडून समोर बघत उभी राहायची. तोल जाऊ लागला तरी तिनं मला हात दे म्हटलं नाही. त्या वेळी अण्णा अंगणात जाऊन बसायचे. आकडे आता खरे होते, एकूण एक. बाटलीतलं पाणीही ती मापात प्यायची. फक्त चार घोट उरले की मला विचारायची, "पिऊ का?" मी म्हणायचे, "अगं पी की, तुझंच आहे." ती तरी विचारायची. दिवसातून कितीदा तरी विचारायची.

माझं चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते मी केलं. ते दोघांनी मोडलं, हसत, चोरून, माझ्या पाठीमागे. मी शाळेत पाढे घेत असताना माझ्या घरात दुपारी गडू निघायचा, ती प्यायची, अण्णा बघायचे, आणि दोघं सुखात असायची. माझ्याशिवाय. मला सगळ्यात जास्त कशाचा राग असेल तर याचा.

थंडी पडायला लागली तेव्हा माय गेली. हृदय पार थकलं होतं. डॉक्टर म्हणाले, मधल्या त्या पाच किलोंनी त्याच्यावर फार ताण आला. अण्णा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी मान हलवली.

घरी जलदानाचा विधी झाला. भंतेजींनी सुत्तं म्हटली, आम्ही दोघांनी एकाच तांब्याला हात लावून वाटीत पाणी ओतलं, वाटी भरून ताटात सांडेपर्यंत ओतायचं असतं. अण्णांचा हात माझ्या हाताला लागत होता. तो जराही कापत नव्हता.

लोक जेवून गेले. आम्ही दोघंच ओसरीवर उरलो. दवाखान्यापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. त्या दिवशी मला राहवलं नाही.

"अण्णा, कारखान्याच्या काट्यावर तुम्ही कधी असं केलं होतं का? एकदा तरी?"

त्यांना माझ्या प्रश्नाचं वाईट वाटलेलं दिसलं.

"न्हाई. येकदाबी न्हाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "तितं माझं कोन व्हतं?"

"आणि इथं? इथं आकडा मी वाचत होते. मी तुमची कोणी नव्हते?"

त्यांनी खरंच विचार केला. काट्याच्या खिडकीत बसून करायचे तसा, घाई न करता.

"तू वजन घेनारी व्हतीस," ते म्हणाले.

मी भांडी गोळा करायला उठले. माणूस आयुष्यभर खरं बोलला, मला फसवतानाच तेवढा खोटं वागला. त्या दिवशी, माय गेल्यावर, माझ्यासाठी त्यांनी आणखी एकदा खोटं बोलायला हवं होतं.